ग्लेन कर्टिस आणि पांचवें चाक

न्हावाशेवा बंदराकडून येणारे अवजड ट्रेलर तुम्हीं रस्त्यावर पुष्कळ वेळां पाहिले असतील. पुढें एक आंखूड मोटार, आणि तिच्यामागें चाळीस फूट लांबीची लोखंडी पेटी. वळणावर पुढच्या मोटारीचें तोंड एका दिशेला फिरतें आणि मागची पेटी क्षणभर दुसऱ्याच दिशेला पाहात राहते. तरी दोघांची ताटातूट होत नाहीं. घाटाच्या चढावर, उतारावर, खांचखळग्यांत तीं एकमेकांस धरून असतात. ही किमया ज्या साध्या उपकरणानें होते, त्यास कारागीर लोक पांचवें चाक म्हणतात. मागच्या गाडीच्या पोटाखालीं एक जाड पोलादी खिळा असतो. तो पुढच्या मोटारीच्या मागील आंसावर बसविलेल्या तबकडीच्या खांचेंत शिरतो, दोन जबडे त्यास घट्ट धरतात, आणि भार तबकडीवर टेकून गाडी हवी तशी वळूं लागते.

हें नांव जुनें आहे. घोड्याच्या चारचाकी गाडींत पुढचा आंस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवें कडें बसवीत. चार चाकें जमिनीवर उभीं, आणि हें पांचवें मात्र आडवें, जमिनीला कधींही न टेकणारें. पूर्वीं मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्यांनाही वळण्यासाठीं अशाच युक्तीचा आधार असे. पुढें मोटारी आल्या. १९१४ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं ऑगस्ट फ्रूहॉफ नांवाच्या लोहारानें एका लांकडाच्या व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठीं फोर्ड मोटारीमागें जोडगाडी बनविली. १९१५ सालीं चार्ल्स मार्टिन यानें खालींवर डोलणारें पांचवें चाक तयार केलें. मालवाहू गाड्यांचा प्रश्न असा सुटला. परंतु माणसानें आपलें बिऱ्हाडच मोटारीमागें जोडून सुखानें प्रवास करावा, ही कल्पना ज्यानें या आडव्या चाकाच्या साहाय्यानें प्रत्यक्षांत आणली, त्या पुरुषाचें नांव जगाला निराळ्याच कारणासाठीं ठाऊक आहे. तो आकाशांत उडणारा ग्लेन कर्टिस होय. त्याचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

ग्लेन हॅमंड कर्टिस याचा जन्म २१ मे १८७८ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील हॅमंड्सपोर्ट या खेड्यांत झाला. क्यूका नांवाच्या सरोवराच्या दक्षिण टोकाला वसलेलें हें गांव द्राक्षांच्या मळ्यांसाठीं प्रसिद्ध होतें. आजोबा मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक. वडील फ्रँक हे घोड्यांचा साज तयार करीत. म्हणजे ओढणारा व ओढलें जाणारें यांचा सांधा जुळविणें हा त्या घरचा धंदाच होता. परंतु ग्लेन पांच वर्षांचाही झाला नव्हता तोंच वडील वारले. थोड्याच वर्षांनीं दुसरा घाला पडला. धाकटी बहीण रूथा हिला मेंदूचा ताप आला व त्यांत तिची श्रवणशक्ति गेली. तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेंत घालतां यावें म्हणून आईनें आपलें बिऱ्हाड रॉचेस्टर शहरीं हलविलें.

ग्लेनचें शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच झालें. घरची स्थिति पाहून त्यास कामाला लागणें भाग होतें. ईस्टमन यांच्या फोटोग्राफीच्या कारखान्यांत फिल्मच्या कागदावर आंकडे उमटविण्याचें काम त्याच्या वांट्यास आलें. एकेक आंकडा हातानें उमटवीत बसण्याचें तें कंटाळवाणें काम पाहून त्यानें एक लहानसें साधन बनविलें आणि तेंच काम कितीतरी पटींनीं लवकर होऊं लागलें. पुढें तारखात्याच्या कंपनींत तो सायकलवरून तारा पोंचवूं लागला. सायकल हीच त्याची पहिली यंत्रशाळा. ती दुरुस्त करावी, शर्यतींत पिटाळावी, पुन्हा खोलून जोडावी, असा त्याचा क्रम असे. मार्च १८९८ मध्यें त्याचा लीना नेफ हिच्याशीं विवाह झाला, आणि हॅमंड्सपोर्टला त्यानें सायकलींचें दुकान थाटलें.

दुकानदार सायकली विकून स्वस्थ बसला असता तर आज त्याचें चरित्र लिहिण्याचें कारण पडलें नसतें. १९०१ च्या सुमारास त्यानें सायकलीला पेट्रोलचें एंजिन जोडण्याचा उद्योग आरंभिला. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारें पात्र त्याच्यापाशीं नव्हतें. तेव्हां त्यानें टोमॅटोच्या रश्शाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्यांत जाळीचें कापड बसविलें आणि काम भागविलें. पहिलें एंजिन अशक्त निघालें, दुसरें फार जड. तिसऱ्या खेपेस मनासारखें साधलें. लवकरच त्याच्या हलक्या व जोरदार एंजिनांची कीर्ति पसरली. २४ जानेवारी १९०७ रोजीं फ्लोरिडांतील ऑर्मंड येथील समुद्रकांठच्या वाळूवर आठ नळकांड्यांच्या एंजिनाची मोटारसायकल त्यानें ताशीं १३६ मैलांहून अधिक वेगानें पळविली. परतीच्या धांवेंत यंत्राचा सांधा मोडल्यामुळें त्या वेगाची अधिकृत नोंद झाली नाहीं. तथापि जमिनीवर इतक्या वेगानें गेलेला मनुष्य तोंवर दुसरा कोणी नव्हता.

या यशाच्या मागें एक घरगुती दुःख होतें. पहिला मुलगा कार्लटन वर्षाचा होण्यापूर्वींच १९०२ मध्यें हृदयाच्या विकारानें दगावला. कर्टिस स्वभावानें अबोल. त्यानें आपलें दुःख चार लोकांत मांडलें नाहीं. तो कामांत अधिकच बुडून गेला. दुसऱ्या मुलाचें मुख पाहण्यास त्या दांपत्याला १९१२ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

हलक्या एंजिनाची गरज सर्वांत अधिक कोणाला? जो हवेंत उडूं पाहतो त्याला. टॉमस बाल्डविन नांवाच्या वैमानिकानें आपल्या फुग्याच्या जहाजासाठीं १९०४ सालीं कर्टिसचेंच एंजिन घेतलें. पुढें टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची नजर या तरुणावर गेली. १९०७ मध्यें बेल यांनीं चार तरुणांना बरोबर घेऊन विमानविद्येच्या प्रयोगांसाठीं एक मंडळी स्थापन केली, तींत कर्टिस एक होता. तिच्या खर्चाचा भार बेल यांच्या पत्नी मेबल यांनीं उचलला. मेबलबाई लहानपणापासून बहिऱ्या होत्या, आणि बेल यांनीं तरुणपणीं बहिऱ्या मुलांना शिकविण्याचेंच काम केलें होतें. ज्या घरांत बहिरी बहीण वाढली, त्या घरच्या मुलाला या कुटुंबांत परकेपणा वाटला नसल्यास नवल नाहीं. दुःखानें माणूस जें शिकतो तें कोठें उपयोगी पडेल हें सांगतां येत नाहीं.

४ जुलै १९०८ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, हॅमंड्सपोर्टच्या माळावर पुष्कळ लोक जमले होते. एक किलोमीटर अंतर सरळ उडून जाणाऱ्या यंत्रास सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकानें पारितोषिक लावलें होतें. जून बग नांवाचें पिवळसर पंखांचें विमान घेऊन कर्टिस उडाला आणि किलोमीटरच्या खुणेवरून पुढें जात ५०८० फुटांवर उतरला. राइट बंधूंनीं १९०३ सालींच उड्डाण साधलें होतें. परंतु तें त्यांनीं लोकांच्या नजरेआड ठेविलें होतें. अमेरिकेंत आगाऊ जाहीर करून, सर्वांच्या देखत झालेलें हें पहिलेंच उड्डाण.

पुढील दोन वर्षांत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. ऑगस्ट १९०९ मध्यें फ्रान्सांतील रीम्स येथें मोठी विमानशर्यत भरली. कर्टिस एकच विमान घेऊन गेला होता. तें मोडलें असतें तर त्याच्यापाशीं दुसरें नव्हतें. वीस किलोमीटरांच्या शर्यतींत, नुकतीच इंग्लंडची खाडी ओलांडून आलेल्या ब्लेरिओ याला त्यानें सुमारें सहा सेकंदांनीं मागें टाकलें. २९ मे १९१० रोजीं तो ऑल्बनीहून हडसन नदीच्या कांठानें न्यूयॉर्कपर्यंत उडाला. वाटेंत स्टॉर्म किंग नांवाच्या डोंगरापाशीं वाऱ्याच्या झोतानें विमान एकाएकीं खालीं ढकललें गेलें, परंतु त्याचा हात डळमळला नाहीं. उड्डाणाचा वेळ २ तास ५१ मिनिटें आणि बक्षीस दहा हजार डॉलर. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यूजीन ईली यानें कर्टिसच्या विमानांतून लढाऊ जहाजाच्या फळीवरून उड्डाण केलें. जानेवारी १९११ मध्यें त्यानेंच दुसऱ्या जहाजावर विमान उतरविलें. त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियांत सॅन दिएगो येथें कर्टिसनें स्वतः पाण्यावरून विमान उडविलें. १९१९ च्या मे महिन्यांत अटलांटिक महासागर हवेंतून प्रथम ओलांडणारें विमानही त्याच्या कारखान्याच्या व अमेरिकन आरमाराच्या सहकार्यांतून निर्माण झालें होतें. आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकेचे बहुतेक नवशिके वैमानिक त्याच्याच जेनी नांवाच्या विमानावर शिकले.

येथवर आम्हीं चरित्राची उजळ बाजू सांगितली. दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं, कारण खरा बोध पुष्कळदां तेथेंच असतो. राइट बंधूंनीं पंख मुरडून विमानाचा तोल सांभाळण्याची युक्ति काढून तिचा हक्क सरकारदप्तरीं नोंदविला होता. कर्टिस व त्याचे सोबती पंख न मुरडतां त्यांच्या टोकांशीं लहान फडकीं बसवून तेंच काम साधीत. १९०९ मध्यें राइट बंधूंनीं त्याच्यावर फिर्याद केली. अनेक वर्षें खटला चालला. विल्बर राइट १९१२ सालीं विषमज्वरानें वारले. जानेवारी १९१४ मध्यें वरिष्ठ न्यायालयाचा निकाल राइट यांच्या बाजूनें लागला.

त्याच वर्षीं एक गोष्ट घडली. सॅम्युएल लँगली या शास्त्रज्ञाचें विमान १९०३ मध्यें उडण्याच्या प्रयत्नांत नदींत कोसळलें होतें. तें जुनें यंत्र दुरुस्त करून कर्टिसनें हॅमंड्सपोर्टच्या सरोवरावरून थोडेंसें उडवून दाखविलें. तें मुळांतच उडण्याजोगें होतें असें ठरलें, तर राइट यांच्या अग्रमानास धक्का बसणार होता. परंतु त्या यंत्रांत पुष्कळ महत्त्वाचे फेरफार केलेले होते, आणि स्मिथसोनियन संस्थेनें ते लोकांना नीट न सांगतां लँगलीच्या यंत्राचा गौरव केला. याचा राग येऊन ऑर्व्हिल राइट यांनीं आपलें पहिलें विमान १९२८ मध्यें लंडनच्या संग्रहालयांत पाठवून दिलें. संस्थेनें १९४२ मध्यें चूक कबूल केली, तेव्हां कर्टिसला जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. कर्टिसचें कर्तृत्व एवढें मोठें होतें कीं दुसऱ्याचा मान कमी करून त्यास कांहींच मिळवावयाचें नव्हतें. तरी त्या प्रयोगाचा डाग त्याच्या नांवाला लागला तो लागलाच. १९१७ मध्यें युद्धाच्या निकडीमुळें विमानांचे सर्व हक्क एकत्र करण्यांत आले व भांडण मिटलें. काळाची थट्टा अशी कीं १९२९ मध्यें दोन्ही घराण्यांच्या नांवाच्या कंपन्या एक होऊन कर्टिस-राइट असें जोडनांव धारण करत्या झाल्या. माणसांना जें साधलें नाहीं तें कागदावर साधलें.

महायुद्धानंतर कर्टिस विमानांच्या धंद्यांतून हळू हळू बाजूस झाला व फ्लोरिडांत जाऊन राहिला. जेम्स ब्राइट या भागीदारासह त्यानें मायामी शहराजवळ हायलीया, मायामी स्प्रिंग्ज व ओपा-लोका अशीं गांवें वसविलीं. ओपा-लोकाची रचना तर अरबी सुरस कथांतील नगरीप्रमाणें केली. घुमट, मिनार आणि अलीबाबाच्या नांवाचा रस्तासुद्धां तेथें आहे. १९२६ च्या सप्टेंबरांतील भयंकर वादळानें त्या भागाची पुष्कळ हानि झाली व जमिनींचा तेजीचा बाजार बसला. परंतु कर्टिसचे हात रिकामे राहणारे नव्हते.

त्यास रानांत मुक्कामास जाण्याची फार आवड होती. आईच्या दुसऱ्या विवाहापासून झालेला भाऊ कार्ल अॅडम्स याच्यासह तो शिकारीच्या सफरी करी. तंबू, भांडीं, अंथरुणें यांचा पसारा दर मुक्कामीं काढावा व बांधावा लागे. तेव्हां मोटारीमागें जोडतां येईल असें फिरतें घरच कां करूं नये, असें त्याच्या मनानें घेतलें. त्या काळच्या जोडगाड्या मोटारीच्या मागील टोकास एका आंकड्यानें अडकवीत. वेग वाढला कीं गाडी शेपटीसारखी डावीउजवीकडे झोंके घेई, आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका आंतील माणसांच्या हाडांपर्यंत पोंचे.

याचें कारण आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं. बैलगाडींत ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलार होते, जूं वर उचललें जातें व बैलांचा गळा आवळतो. ओझें पुढें अधिक झालें तर बैलांच्या मानेवर भार पडतो. म्हणून जाणता गाडीवान ओझें आंसाच्या किंचित् पुढें तोलून भरतो. मोटारीचेंही तसेंच. जोडणी मागच्या टोकाला असली तर तो भार तरफेप्रमाणें मोटारीची शेपटी खालीं दाबतो आणि तोंड वर उचलतो. वळविणारीं पुढचीं चाकें हलकीं होतात. तीच जोडणी मागील आंसाच्या डोक्यावर आणली तर भार सरळ चाकांवर उतरतो, आणि मोटार व गाडी एका शरीराप्रमाणें चालतात.

कर्टिसनें हेंच केलें. जोडणी त्यानें मोटारीच्या पाठीमागच्या डिकीच्या जागीं, मागील आंसावर आणली. आणि तेथें त्यानें लोखंडी तबकडी ठेविली नाहीं. विमानाचें हवा भरलेलें रबरी चाक आडवें निजवून बसविलें. गाडीच्या पुढें आलेल्या मानेखालचा खिळा त्या चाकाच्या मधोमध शिरे. वळण घेतांना खिळा चाकाच्या मध्याभोंवतीं फिरे, खड्डा आला तर धावेंतील हवा धक्का गिळून टाकी, आणि मोटार जराशी तिरपी झाली तरी रबर लवून तेवढी सूट देई. वळणें, धक्का सोसणें आणि तिरपेपणा सांभाळणें हीं तिन्ही कामें एका जुन्या ओळखीच्या वस्तूनें केलीं. ज्यानें रश्शाच्या डब्यांतून एंजिनाला श्वास घ्यावयास शिकविलें, त्याच्याच बुद्धीची ही दुसरी खूण.

गाडीचा सांगाडाही त्यानें विमानासारखा केला. हलक्या लांकडाच्या पट्ट्या, त्यांना तिरप्या ओढलेल्या तारा, आणि तारा ताणण्यासाठीं फिरकीचे पेंच. त्रिकोणांची ही रचना वजनानें हलकी असूनही मुरगळत नसे. १९२८ मध्यें ओपा-लोका येथें या गाड्यांसाठीं कंपनी निघाली, आणि तिचें नांव ठेविलें एरोकार. हवेंतून चालणारें नव्हे, परंतु हवेंतील विद्येनें बनलेलें असें हें वाहन होतें. पुढें दुसऱ्या कारखान्यांनींही परवानगी घेऊन तशा गाड्या बनविल्या.

आज अमेरिकेंत पिकअप ट्रकच्या हौद्यांत पांचवें चाक बसवून त्यामागें घराएवढ्या गाड्या ओढतात. हौदा म्हणजे ट्रकची मागची उघडी जागा. हें काम कसें करतात तें येथें थोडक्यांत सांगतों. कारण कर्टिसनें सोडविलेलाच प्रश्न त्यांत प्रत्येक वेळीं नव्यानें सोडवावा लागतो. प्रथम ट्रक किती भार सोसूं शकतो हें त्याच्या निर्मात्यानें दिलेल्या आंकड्यांवरून पाहावें. गाडीच्या एकंदर वजनाचा साधारणपणें १५ ते २५ टक्के भाग खिळ्यावाटे ट्रकवर उतरतो. तो मागील आंसास, धावांस व चेसीसला पेलला पाहिजे. नंतर मागील आंसाचा मध्य मोजून घेऊन जोडणीचा मध्य त्याच्या बरोबर वर किंवा कांहीं इंच पुढें येईल अशी जागा आंखावी. तो आंसाच्या मागें कधींही जाऊं देऊं नये. आंखूड हौद्याच्या ट्रकला वळतांना गाडीचें तोंड चालकाच्या खोलीवर आदळण्याचें भय असतें. म्हणून तेथें मागेंपुढें सरकणारी जोडणी लावतात.

भोंक पाडण्यापूर्वीं ट्रकखालीं निजून पाहिलेंच पाहिजे. तेथें पेट्रोलची टांकी, ब्रेकच्या नळ्या व विजेच्या तारा असतात. एका उतावळ्या भोंकानें सर्व कामाचा सत्यानाश होतो. हौद्याचा पत्रा कितीही चकचकीत व जाड दिसला तरी त्याच्यांत भार सोसण्याचें बळ नसतें. म्हणून खालच्या चेसीसला दोन्ही बाजूंनीं पोलादी आधार जोडतात, वर हौद्यांत दोन आडव्या पट्ट्या ठेवतात आणि पत्र्यांतून आरपार गेलेल्या बोल्टांनीं वरच्या पट्ट्या खालच्या आधारांशीं आवळतात. पट्टी आंसाला समांतर आहे कीं नाहीं हें दोन्ही अंगांनीं मोजून पाहावें. बोल्ट अंदाजानें न आवळतां जोर दाखविणाऱ्या पान्यानें, निर्मात्यानें सांगितलेल्या मापानें आवळावे, आणि थोडा प्रवास झाल्यावर पुन्हा तपासावे. कारण नव्या जोडावर भार पडला कीं तो थोडा बसतो. त्यानंतर गाडीच्या दिव्यांची व ब्रेकची वीज ट्रकशीं जोडावी.

गाडी जोडतांना ट्रक सावकाश मागें न्यावा. गाडीच्या खालची पाटी तबकडीहून अगदीं किंचित् खालीं असावी, म्हणजे ती तबकडीवर चढून नीट टेकेल. ती उंच राहिली तर खिळा जबड्यांच्या वरच अडकतो आणि जोडणी झाली असा केवळ भास होतो. जबडे मिटल्यावर अडसर घालावा, आणि खालीं वांकून डोळ्यांनीं खात्री करून घ्यावी. मग गाडीचे पाय पुरते न उचलतां, तिचे ब्रेक धरून ट्रक हळूच पुढें ओढून पाहावा. सांधा खरा असेल तर टिकेल, खोटा असेल तर तेथेंच, कोणाच्या जिवावर न बेततां, उघडा पडेल. एवढें झाल्यावरच पाय वर घ्यावे. शिवाय एक सुटी तार ट्रकला बांधलेली असते; दैवयोगानें गाडी निसटलीच तर त्या तारेला हिसका बसून गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. जो कारागीर आपल्या कामावर विश्वास ठेवूनही ही तार बांधण्यास विसरत नाहीं, त्यास आम्ही खरा कारागीर म्हणतों.

आतां चरित्राकडे वळूं. मे १९३० मध्यें ऑल्बनी ते न्यूयॉर्क या आपल्या विख्यात उड्डाणास वीस वर्षें झालीं म्हणून कर्टिसनें तीच वाट पुन्हा हवेंतून आक्रमिली. परंतु या वेळीं कर्टिस कंपनीच्या मोठ्या प्रवासी विमानांत बसून. ज्या वाटेनें पूर्वीं तो उघड्या बैठकीवर, अंगावर वारा झेलीत गेला होता, तेथें आतां बंद खोलींत बसून गप्पा मारीत जातां येत होतें. हें पाहण्याचें भाग्य शोधकांना क्वचितच लाभतें. त्यानंतर दोन महिन्यांतच, ऑगस्टस हेरिंग या जुन्या भागीदाराच्या वीस वर्षें रेंगाळलेल्या दाव्याच्या कामासाठीं तो रॉचेस्टरला गेला असतां त्यास आंत्रपुच्छाचा विकार झाला. बफेलो शहरीं शस्त्रक्रिया करण्यांत आली. ती पार पडली. परंतु फुप्फुसांत रक्ताची गांठ अडकून २३ जुलै १९३० रोजीं त्याचा अंत झाला. वय अवघें बावन वर्षांचें. ज्या गांवीं जन्म, त्या हॅमंड्सपोर्टलाच त्याची समाधि आहे, आणि त्याच्या नांवाचें संग्रहालयही तेथें आहे.

पाहा, त्याचे अनेक सांधे जुळले आणि कांहीं तुटले. एंजिन व सायकल यांचा सांधा त्यानें जुळविला. पंख व पाणी यांचा जुळविला. विमानाची विद्या व जमिनीवरचें घर यांचाही जुळविला. परंतु राइट बंधूंशीं व हेरिंगशीं जो दुरावा पडला तो त्याला आपल्या हयातींत सांधतां आला नाहीं, आणि त्याचे अखेरचे दिवसही कोर्टाच्या पायरीवरच गेले. लोखंड जोडण्याहून माणसें जोडणें कठीण आहे, हें या थोर यंत्रज्ञाच्या चरित्रावरून दिसून येतें.

पालकांनीं या गोष्टीकडे आणखी एका दृष्टीनें पाहावें अशी आमची विनंती आहे. हा मुलगा आठव्या इयत्तेंत शाळा सोडून गेला तो गरिबीमुळें. विद्येचा कंटाळा आला म्हणून नव्हे. त्याची शिकण्याची इच्छा शेवटपर्यंत टिकली, म्हणूनच पन्नाशीच्या उंबरठ्यावरही तो जुन्या चाकाकडे नव्या नजरेनें पाहूं शकला. आपल्या घरांत एखादें मूल मोडकें घड्याळ उघडून बसलें तर त्यास रागावण्यापूर्वीं तें काय शोधीत आहे हें एकवार विचारावें. आणि मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं हौद्याचा पत्रा दिसतो, चेसीस दिसत नाहीं. तरी भार चेसीसच वाहते. शाळेंतील बक्षिसें, गुण व टाळ्या हा पत्रा आहे. रोजचा अभ्यास, दिलेला शब्द आणि दुसऱ्याच्या श्रमाला द्यावयाचा न्याय ही चेसीस होय. आयुष्याचा भार उद्यां मागून जोडला जाईल तेव्हां बोल्ट कोठें आवळले होते याचीच परीक्षा होईल.